बेबीच्या नाकातली बाळी

कसब्यातल्या त्या बोळात मी पुष्कळ वर्षांनी शिरले, ती भाचीच्या हट्टापायी. सईला नाक टोचून घ्यायचं होतं. वाकडला तिच्या घराखालीच कसलासा स्टुडिओ आहे. तिथं काचेच्या कपाटात सुया मांडलेल्या असतात आणि टोचणारा मुलगा स्वतःच इतका टोचलेला आहे, की त्याच्याकडे बघून धीर यावा की जावा ते कळत नाही. सईच्या एका कानात चार भोकं आहेत, ती त्यानंच पाडली. प्रत्येक भोकाला वेगळं इंग्रजी नाव असतं. ती मला सांगते आणि मी विसरते. नाक मात्र तिला जुन्या सोनाराकडेच टोचायचं होतं.

"ऑथेंटिक पाहिजे, आत्या," ती म्हणाली. "आणि बाबाला सांगू नकोस हं. तो नको म्हणतोय."

"का नको म्हणतोय?"

"म्हणे, नाक टोचणं म्हणजे बाईला वेसण घालणं. तुझा भाऊ एकदम फेमिनिस्ट झालाय."

वेसणीतलं तिच्या बापाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

रिक्षा अलीकडेच सोडून आम्ही चालत निघालो. पूर्वी या भागाची ओळख आधी कानाला पटायची. तांबट आळीतून सकाळपासून ठोके यायचे, हंडे आणि बंब ठोकल्याचे. आमच्या दोन खोल्यांतला अभ्यास, भांडणं, दुपारची झोप, सगळं त्या ठोक्यांच्या सोबतीनं चालायचं. उलट ठोके थांबले की जाग यायची. आता ते ऐकायला मुद्दाम उभं राहावं लागतं. आम्ही भाड्यानं राहायचो ती इमारत पाडून तिथं सहा मजले उठले आहेत आणि साधारण आमच्या मोरीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. सई म्हणाली, "सो सॅड ना, आत्या?" मला काही वाईट वाटलं नव्हतं. जुन्या खोल्यांबद्दल गहिवरून बोलणारी माणसं बहुधा त्या खोल्यांत मुलगे म्हणून वाढलेली असतात.

सोनाराचं दुकान मात्र जागेवर होतं. म्हातारा सोनार जाऊन जमाना झाला. त्याच्या गादीवर आता त्याची सून बसते. दुकानात एसी आहे, डोळे दिपवणारे दिवे आहेत आणि वास कसलाच नाही. तेव्हा तिथं बैठक होती, कोळशाची शेगडी होती, फुंकणी होती, आणि टाकणखार जळल्याचा उग्र वास असायचा, तो घरी येईपर्यंत केसांत राहायचा. सोनार टोचायचा तो सोन्याच्या तारेनंच. तारेचं टोक कानशीवर घासून अणकुचीदार करायचा, हळद कालवलेल्या खोबरेलात बुडवायचा, आणि मग मांडीवरच्या पोराला म्हणायचा, "तो बघ पोपट!" पोर वर बघायचं. तिथं पोपट कधीच नसायचा आणि तोवर तार आरपार गेलेली असायची. मग तो चिमट्यानं तारेला पीळ द्यायचा, पोराची आई त्याच्यापुढे नारळ आणि तांदूळ ठेवायची, आणि रडणाऱ्या पोराच्या हातावर तो गुळाचा खडा ठेवायचा. कसब्यातल्या पुष्कळ पोरांना जगाच्या खरेपणाची पहिली ओळख त्या पोपटानं करून दिली.

माझ्या भावाचं नाक त्यानंच टोचलं. मुलाचं नाक. आजच्या मुलांना ते ऐकून गंमत वाटेल, पण आमच्या त्या बोळात नाक टोचलेले मुलगे आणखीही होते, आणि ते का टोचलेले आहेत हे कोणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत असायचं.

माझ्यानंतर आईला दोन मुलगे झाले आणि दोघंही पाळण्यातच गेले. कशानं गेले ते मला कोणी सांगितलं नाही. मला आठवतात ते डिंकाचे लाडू. बाळंतिणीसाठी केलेले, डबाभर, तुपाच्या आणि खारकेच्या वासाचे. आईला ते खाववेनात आणि टाकवेनातही, म्हणून रोज सकाळी माझ्या वाटीत एक यायचा. त्या दोन भावांचं माझ्याकडे एवढंच आहे.

तिसरा झाला तेव्हा आईची मावशी सासवडहून आली. ही उंच, नऊवारीतली, बोलायला फटकळ बाई; आमच्या घरात तिचा शब्द म्हणजे कायदा. तिनं बाळाचं तोंडही पुरतं न बघता सांगून टाकलं, की याला मुलगा म्हणायचं नाही. बारसं थाटात करायचं नाही, नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. नाकात सोनं घालायचं आणि पोरीसारखा ठेवायचा. यम मुलगे न्यायला येतो, पोरींसाठी तो एवढी पायपीट करत नाही. "आणि याच्या नाकात सोनं आहे तोवर," मला बाजूला सारत ती म्हणाली, "घरात दुसऱ्या पोराचं नाक टोचायचं नाही. नवस बाटतो."

मी तेव्हा सहा वर्षांची होते. यम पोरींसाठी पायपीट करत नाही, हे ऐकून मला आधी बरंच वाटलं होतं.

त्याचं नाव विनायक, पण ते शाळेत घालेपर्यंत कोणी उच्चारलं नाही. घरात तो बेबी. आमच्या बोळात आणखी दोन बेबी होत्या, दोन्ही खऱ्याखुऱ्या मुली. सोनारानं त्याची उजवी नाकपुडी टोचली. बायकांची डावी टोचतात, तर मुलाची म्हणून उजवी. म्हणजे यमाला फसवायचं, पण रीत मोडायची नाही. असल्या बावळट यमाला भिऊन आमचं घर चाललेलं होतं.

चिमुकली सोन्याची बाळी होती ती, खाली एक लाल खडा. बेबी दूध प्यायला की खड्याला साय लागायची. आई कापसाच्या बोळ्यानं ती पुसायची, तुपाचं बोट लावून बाळी हळूच फिरवायची, आणि फिरवताना स्वतःचा श्वास धरून ठेवायची. त्याला फ्रॉक घालायची. जावळाला रिबीन बांधायची. "अगं बेबी, ये गं माझी बाई," असं म्हणायची. मी शेजारी बसून बघायचे. आई इतक्या हळू हातानं काही करू शकते, हे मला त्याच्या नाकामुळं कळलं.

आणि त्याच सुमाराला माझ्या अंगावरचं एकेक उतरत गेलं. आधी कानातले डूल गेले. बारशाच्या वेळची भोकं बघता बघता बुजली. मग कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं माझे केस कानांच्या वर कापले. त्याच्या तुरटीचा वास अजून कुठं आला तर माझा हात आपोआप मानेकडे जातो. मग ट्रंकेतून मामेभावाचे जुने शर्ट आणि खाकी चड्ड्या निघाल्या. शाळेत गणवेशाचा स्कर्ट, घरी आल्यावर चड्डी. उवा होतात म्हणून केस कापले, डूल हरवतात म्हणून काढले, आणि मामेभावाचे कपडे चांगले धडके आहेत, ते वाया का घालवायचे? आईजवळ प्रत्येकाला कारण होतं. आमच्या घरात कारणांना कधी तोटा पडला नाही.

मी मात्र नाकाचा हट्ट धरला होता. वर्गातल्या दोघी-तिघी चमकी घालून यायच्या. उन्हात बसल्या की चमकीचा ठिपका वहीवर पडायचा आणि त्या मान हलवून तो ठिपका पळवायच्या. मला तो ठिपका हवा होता. मी आईला म्हणायचे, माझं नाक कधी? ती म्हणायची, बेबीचं उतरू दे. मावशी असली तर तेवढ्यावर भागत नसे. "पोरीचं कौतुक पोरापेक्षा मोठं झालं, की नाकापेक्षा मोती जड होतो," असं ती मला ऐकवायची. तिच्या स्वतःच्या नाकात केवढी मोठी नथ असायची.

शेजारच्या खोलीत एक काकू राहायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि जिभेला हाड नव्हतं. एकदा दुपारी मी खालच्या नळावर बादली लावून उभी होते. काकू आणि वरच्या मजल्यावरच्या एक बाई पलीकडे धुणं आपटत होत्या. मी पाठमोरी, केस कापलेले, अंगात शर्ट. त्यांना मी बहुधा भलत्याच कुणाचा तरी मुलगा वाटले असेन.

"अहो, सोंग एकट्याचं असतं का कधी?" काकू म्हणाल्या. "मुलगा न्यायला आलेला यम काय हात हलवत परत जाईल? त्याला काहीतरी मुलगा म्हणून दाखवायला नको? ती थोरली उभी केली आहे ना दारात, चड्डी घालून!"

"काहीतरीच तुमचं काकू!"

"काहीतरीच कशाला? डोळे आहेत मला."

बादली भरून वाहायला लागली. नळ बंद करायचा असतो हेही मला सुचेना. त्या वेळी मी आठ वर्षांची असेन. बाकी सगळं मी पुढं हळूहळू विसरले, पण साबणाच्या फेसात उभे असलेले माझे पाय आणि त्यावरची ती खाकी चड्डी मला आजही तशीच दिसते.

त्या दिवसापासून मला आईकडून एकच गोष्ट हवी आहे. तिनं म्हणावं, की नाही गं, तसं काही नव्हतं. खरंच उवा होत्या. खरंच काटकसर होती. एवढंच. ते मी तिला कधीही विचारू शकले असते. आधी लहान होते म्हणून विचारलं नाही, मग मोठी झाले म्हणून विचारलं नाही, आणि पुढं तीच म्हातारी झाली. खरं कारण एकच होतं. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर पुढं तिच्याशी कसं वागायचं हे माझं ठरत नव्हतं.

पुढच्याच उन्हाळ्यात मला गोवर आला. बेबीला लगेच हलवलं, काकूंच्याच खोलीत. आई माझ्याजवळ बसली. उशाला कडुलिंबाचा पाला होता, खिडकीला ओला पंचा लावलेला होता, आणि तांब्यातल्या पाण्याला वाळ्याचा वास होता. तिनं माझं सगळं केलं, हे मी नाकारत नाही. कपाळावरची घडी बदलायची, पाठीवरून हात फिरवायची. मी तिला म्हटलं, आई, माझा शर्ट काढ, मला फ्रॉक घाल. ती म्हणाली, ताप उतरू दे. मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले आणि तिला वाटलं मी तापात बरळते आहे. मी अगदी शुद्धीवर होते. तो आलाच, तर त्यानं मला शर्टात बघू नये, एवढंच मला हवं होतं. मी पापण्या किलकिल्या करून आईच्या तोंडाकडे बघायचे. त्या तोंडावर काळजी होती की सुटका होती, ते मी अजून ठरवते आहे.

मी बरी झाले. अंगावरची सालं गेली, कपडे तेच राहिले.

बेबीची मुंज झाली त्या दिवशी बाळी उतरली. सोनार घरीच आला होता. त्यानं चिमट्यानं तार उलगडली आणि एका सकाळीत बेबीचा विनायक झाला. मांडवात झेंडूचा वास होता, होमाच्या धुराचा होता, जिलबीच्या पाकाचा होता. बायका त्याच्या मोकळ्या नाकपुडीकडे बघून डोळे टिपत होत्या. मावशीनं आईच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जिंकलीस गं बाई!" मला त्या दिवशी परकर-पोलकं मिळालं होतं. मी खांबाशी उभी राहून जिलबी खात होते. जगले मीही होते, गोवरातून उठून जगले होते. त्याबद्दल कोणाला साखर वाटावीशी वाटली नाही.

ती बाळी मोडून विनायकला अंगठी केली. माझे केस वाढले, कान पुन्हा टोचले. मोठेपणी कान फार दुखतात; पोपट नसतो हे ठाऊक असलेल्या माणसाला तर जास्तच. नाकाचं विचारलं, तर आई म्हणाली, "आता हाड पक्कं झालं, पिकेल. लग्नात बघू." लग्न ठरलं तेव्हा मुहूर्त जवळचा होता, टोचून बरं व्हायला वेळच नव्हता. मला दाबाची नथ लावली. तिच्या चापानं नाक असं पकडलं, की अंतरपाट धरल्यापासून माझे डोळे जे वाहायला लागले ते पंगत उठेपर्यंत. सगळ्या फोटोंत मी रडते आहे. सासरी पुढं किती वर्षं माझं कौतुक व्हायचं, की काय ती माहेरची ओढ!

विनायकच्या नाकावर बाळीच्या जागी बारीकसा खळगा राहिला. कॉलेजात गेल्यापासून तो सांगायला लागला, की तो कांजिण्यांचा वण आहे. बायकोलाही त्यानं तेच सांगितलं, मुलीलाही तेच. मी कधी त्याचं खोटं उघडं पाडलं नाही. त्यालाही पोरं चिडवायची, शाळेच्या रांगेत त्याला मुलींच्या बाजूला ढकलायची, ते मी पाहिलेलं होतं. त्याचा माझा वैरभाव नाही. पण हल्ली गणपतीत त्याच्या सोसायटीचं ढोल पथक निघतं, तेव्हा हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतला हा मोठा साहेब पांढरा कुर्ता घालतो आणि कानाच्या वरच्या कडेला दाबाची भिकबाळी लावून, छाती काढून फोटोला उभा राहतो. पथकातल्या पोरी तशाच दाबाच्या नथी लावून त्याच्या शेजारी. सगळ्यांचं सगळं दाबाचं, संध्याकाळी काढून डबीत ठेवायचं. मोबाइलवर तो फोटो आला, की मी अंगठा दाखवून मोकळी होते.

सोनाराच्या सुनेनं हातमोजे घातले. सीलबंद सुई फोडली. पेनानं सईच्या डाव्या नाकपुडीवर ठिपका काढला, दोन पावलं मागं होऊन बघितला, पुसला, पुन्हा काढला. कोणी पोपट दाखवला नाही. सईच्या एका डोळ्यातून पाणी आलं, एकाच, आणि ती हसत हसत फोन वर धरून स्वतःचे फोटो काढायला लागली.

"तुमचं पण करायचं का?" सुनेनं मला विचारलं. "कोरंच दिसतंय की. आता साठी-पासष्टीच्या बायकापण येतात हो करायला."

"माझं राहू दे," मी म्हटलं.

"कर ना, आत्या! मज्जा येईल," सई म्हणाली.

"राहू दे म्हटलं ना."

माझा आवाज चढला असावा. बाहेर पडल्यावर तिनं मला सरळ अमृततुल्यात नेऊन बसवलं, दोन चहा सांगितले, आणि म्हणाली, "बोल. काय झालंय?"

मी सांगितलं. दोन बाळं, मावशी, बाळी, फ्रॉक. "बाबा? बेबी?" म्हणून ती आधी एवढ्यानं हसली, की गल्ल्यावरचा माणूस बघायला लागला. मग मी माझे केस आणि चड्डी सांगितली, सहज, जोडून काहीच न सांगता. नळावरचं तर मी अजून उच्चारलंही नव्हतं. सईचं हसू थांबलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "म्हणजे आत्या, तू डमी होतीस?"

इतकी वर्षं मी जे मनात बाळगलं होतं त्याला एवढासा शब्द पुरेसा होता. मी बशीत चहा ओतला आणि तो न पिता तसाच ठेवला.

"आजीला विचारलंस कधी?"

"नाही."

"का?"

"असं विचारत नाहीत गं."

"मी विचारते," सई म्हणाली. कुणाला चहा हवा का ते विचारावं, तितक्या सहज म्हणाली.

मी तिला रस्ताभर नको म्हणत होते. हे खरं आहे. आणि मी मध्येच उतरून माझ्या घरीही गेले नाही, हेही खरं आहे.

विनायकचं घर सतराव्या मजल्यावर आहे. वहिनी माहेरी गेली होती. गॅलरीतून समोर कंपन्यांच्या काचा दिसतात, आणि आई दिवसभर त्या काचांकडे पाठ करून बसते, कारण डोळ्यांना तिरीप लागते. त्या दुपारी ती मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण तिला ऐकायचं असतं ते सगळं येतं.

विनायकनं दारातच मुलीचं नाक पाहिलं. "केलंस शेवटी! तुला किती वेळा सांगितलं—"

"बाबा," सई म्हणाली, "तुझ्या नाकावर कांजिण्या नव्हत्या ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एरवी मी हळूच काही सुचवलं असतं, तर त्यानं ते उडवून लावलं असतं. पण सोनारानंच कान टोचावे लागतात. तो मुलीला म्हणाला, "मला कॉल आहे एक," आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं. शनिवारी दुपारी कुणाचा कॉल असणार? बिचारा, असं मला तेव्हा वाटून गेलं. त्यालाही कोणी विचारून टोचलं नव्हतं.

सई आजीच्या पायाशी जाऊन बसली. आईनं तिची हनुवटी धरली, नाक इकडून तिकडून पाहिलं, आणि म्हणाली, "छान दिसतंय. रोज तुपाचं बोट लाव."

"आजी, आत्याचं का नाही टोचलंस?"

"राहून गेलं."

"आणि तिला मुलाचे कपडे का घालायचीस? शर्ट, चड्डी? यमानं बाबाच्याऐवजी तिला न्यावं म्हणून?"

असं, एका दमात. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. मला वाटलं आता आई म्हणेल, उवा झाल्या होत्या गं. तिनं तसं म्हणावं म्हणून मी अक्षरशः देवाचं नाव घेत होते. खोटं असलं तरी चाललं असतं.

आईच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली.

"मी कुठं घातले?" ती म्हणाली. "हिनंच मागून घेतले."

"मी?"

"मग कोण? मावशी सांगत होती तेव्हा तू तिथंच तर होतीस. ती गेल्यावर माझ्याजवळ आलीस. म्हणालीस, आई, बाळाला माझे फ्रॉक घाल आणि मला ट्रंकेतला दादाचा शर्ट दे. तो आला, की मी पुढं होईन. मी त्याला सांगेन, मीच मुलगा आहे."

"आणि तू दिलास?" सईचा आवाज फाटला. "सहा वर्षांची होती ती, आजी!"

"रडून रडून मागत होती गं," आई म्हणाली. तिनं शेंग पूर्ण उघडली आणि दाणे ताटात सोडले. "याही बाळाला कुणी नेऊ नये म्हणून. माझ्याच्यानं नाही म्हणवेना."

मला यातलं काहीसुद्धा आठवत नाही. ती हे रचून सांगत असेल, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण आईला खोटं बोलायचं असलं, की ती कारणं देते, आणि या वेळी तिनं एकही दिलं नव्हतं. ती मटार सोलत होती. सई माझा हात धरून काहीतरी म्हणत होती. मला राग आला होता, इतका, की दात दुखत होते, आणि तो नक्की कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. त्या सहा वर्षांच्या पोरीवर तर काढता येत नाही.

मी लहानपणी आईकडे पुष्कळ काही मागितलं. रडून मागितलं, पाय आपटून मागितलं, जेवण टाकून मागितलं. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. तिला नाही म्हणवेना, असं त्या एकाच वेळी झालं.